सावरगावची बाग आणि देण्याचा हिशेब

द्राक्षाचा हंगाम भरात आला की दिंडोरी, निफाड, चांदवडकडून एक बातमी येतेच. परप्रांतीय व्यापाऱ्याने माल उचलला, थोडी रक्कम हातावर ठेवली, बाकीचा धनादेश दिला आणि तो पसार झाला. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा फसवणुकीच्या तक्रारी एकत्र करून वसुलीची मोहीम उघडली, तेव्हा वर्षानुवर्षे अडकलेले कोट्यवधी रुपये बागायतदारांना परत मिळाले. द्राक्षपट्ट्यात ‘समाजाला देणे’ हा शब्दप्रयोग कोणी करू लागले की मला आधी हे आठवते. देणगीचा विचार नंतर. ज्याची द्राक्षे घेतली त्याचे पैसे वेळेवर पोचले का, हा इथला पहिला प्रश्न आहे. नाशिकच्या वायनरींची, आणि विशेषतः सुलाची, वाटचाल मी याच प्रश्नापासून वाचतो.

सुलाचे संस्थापक राजीव सामंत हे स्टॅनफर्डला शिकलेले अभियंते. कॅलिफोर्नियात ओरॅकलमधली नोकरी सोडून ते नव्वदच्या दशकात परतले, तेव्हा गंगापूर धरणाजवळ सावरगाव शिवारात कुटुंबाची जमीन होती. आंबा लावून पाहिला, खायची द्राक्षे लावून पाहिली. मग लक्षात आले की सगळा जिल्हा द्राक्षाचा, पण वाइनचे वाण कोणी लावत नाही. केरी डॅम्स्की हे कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ मदतीला आले आणि 1997 मध्ये सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या जातींची लागवड झाली. वाइनच्या परवान्यासाठी सरकारी दारे झिजवण्यात बराच काळ गेला. 1999 मध्ये वायनरी उभी राहिली आणि 2000 मध्ये पहिली बाटली बाजारात आली. सुला हे नाव आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून.

त्याआधी महाराष्ट्रात वाइन नव्हती असे नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन काढून परदेशी पाठवली होती. सावरगावात वेगळे घडले ते शेतकऱ्यासोबतच्या करारात. सुलाला लागणारी सगळी द्राक्षे स्वतःच्या बागेतून येणे शक्य नव्हते. मग आसपासच्या बागायतदारांशी दहा-दहा, बारा-बारा वर्षांचे करार होऊ लागले. कोणती जात लावायची, कोणत्या खुंटावर कलम करायचे हे कंपनीचे कृषितज्ज्ञ बांधावर येऊन सांगणार, आणि ठरलेल्या प्रतीचा माल कंपनी उचलणार.

ज्याने खायच्या द्राक्षाची बाग धरली आहे त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. टेबल ग्रेप्सला मण्याचा आकार हवा, रंग हवा, लांबी हवी. त्यासाठी डिपिंग (घड संजीवकात बुडवणे), विरळणी, औषधांच्या फवारण्या, आणि एवढे करून काढणीच्या आठवड्यात गारपीट झाली तर सगळे मातीत. वाइनच्या द्राक्षाला दिखाऊपणा लागत नाही. मणी बारीक चालतो, एकरी उतारा कमी ठेवावा लागतो, पण साखर आणि आम्लता जुळली की माल पास होतो. निसर्गाचा धोका तिथेही आहेच. बाजारभावाचा आणि पळून जाणाऱ्या व्यापाऱ्याचा धोका मात्र करारामुळे कमी होतो.

बाजाराचा हा धोका किती खरा आहे ते 2008-09 ने दाखवले. 2001 च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर उत्पादन शुल्कात सूट मिळाली, विंचूरला वाइन पार्क झाले, आणि जिल्ह्यात वायनरी भराभर निघाल्या. बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनचे वाण लावले. मग जागतिक मंदी आली, नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर हॉटेले ओस पडली, वाइनची मागणी कोसळली. टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि पुढच्या हंगामात द्राक्षे घ्यायला कोणी येईना. लोकांनी उभ्या बागा उपटल्या, काहींनी त्याच खुंटावर पुन्हा खायच्या जातींची कलमे केली. त्या दोन-तीन वर्षांत ज्या वायनरींनी करार पाळून माल उचलला, त्यांनी गावाला जे दिले ते कोणत्याही शाळाखोलीच्या कोनशिलेवर कोरलेले नाही. तरी मला ते सर्वांत मोठे देणे वाटते.

सुला टिकली, वाढली. 2005 मध्ये तिने बागेतच वाइन चाखण्याचे दालन उघडले, देशातले अशा प्रकारचे पहिले. 2008 पासून सुलाफेस्ट हा संगीतमहोत्सव सुरू झाला. पुणे-मुंबईची माणसे गंगापूर रोडला येऊ लागली, निवासाच्या सोयी वाढल्या, टॅक्सीवाल्यांना, हॉटेलवाल्यांना, भाजीवाल्यांना काम मिळाले. सावरगाव, गोवर्धन, गंगावऱ्हे या बाजूच्या मुलामुलींना द्राक्षबागेत मजुरी किंवा शहरात नोकरी याखेरीज तिसरा पर्याय दिसू लागला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. डिसेंबर 2022 मध्ये सुलाचे समभाग शेअर बाजारात आले. सुमारे 960 कोटींची ती विक्री पूर्णपणे जुन्या भागधारकांच्या हिश्श्याची होती. कंपनीच्या तिजोरीत त्यातून नवा पैसा आला नाही. पण त्या दिवसापासून कंपनीचा हिशेब कोणालाही वाचता येईल असा झाला, आणि समाजावरचा खर्च हा त्या हिशेबाचाच भाग आहे.

2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 इथे लागू होते. ज्या कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला 5 कोटी किंवा जास्त, अथवा उलाढाल 1000 कोटी, अथवा नक्त मूल्य 500 कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पाणी, स्वच्छता, ग्रामविकास अशा कामांवर खर्च करायची, आणि जिथे कारखाना आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायचे. नाशिकच्या बहुसंख्य लहान वायनरी या मर्यादेच्या खूप खाली आहेत. त्यांच्याकडून गावाला जे मिळते ते मनाने दिलेले, आणि म्हणून कुठल्या अहवालात न येणारे.

आता थोडे कडू. महाराष्ट्र सरकार वाइनवर 20 टक्के व्हॅट घेते, आणि राज्यातल्या द्राक्षापासून वाइन करणाऱ्याला त्या 20 टक्क्यांपैकी 16 टक्के प्रोत्साहन म्हणून परत देते. ही सवलत शेतकऱ्याच्या नावावर मिळाली आहे. म्हणजे वायनरी गावाला देते, त्याआधी लोकांनी तिला बरेच दिलेले असते. हे मी उद्योगाला कमी लेखायला म्हणत नाही. सवलत योग्यच होती. तिच्याशिवाय दिंडोरीत वाइनचा एकही वेल राहिला नसता. पण देणाऱ्याने ‘आम्ही उपकार करतो’ अशा सुरात बोलू नये एवढे त्यातून निघते.

दुसरी अडचण आपल्या मातीतली आहे. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले आणि राज्यभर वाद पेटला. अण्णा हजारे उपोषणाला निघाले. तो निर्णय पुढे अमलात आलाच नाही. ज्या राज्यात गावोगावच्या बाया ‘आडव्या बाटली’साठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मतदान मागतात आणि निम्म्याहून अधिक कौल मिळाला की दुकान बंद करून दाखवतात, तिथे वायनरीच्या पैशातून शाळेला बाक घ्यावेत का, हा प्रश्न कोणी विचारला तर तो मागासलेपणा मानू नये. माझे मत असे की पैसा घ्यावा, पण शाळेच्या भिंतीवर बाटलीचे नाव लागू नये. आरोग्य केंद्राला मदत करताना व्यसनमुक्तीच्या कामालाही वाटा ठेवावा. तसे केले तर त्या बायांपुढे मान वर करून उभे राहता येईल.

फ्रान्समध्ये बोन नावाचे गाव आहे. 1443 मध्ये निकोला रोलां या बर्गंडीच्या चान्सेलरने आणि त्याच्या पत्नीने, गिगोनने, युद्धाने व उपासमारीने गांजलेल्या लोकांसाठी तिथे रुग्णालय बांधले. पुढे लोकांनी या रुग्णालयाला द्राक्षमळे दान केले. पहिला 1457 मध्ये. आज त्याच्या मालकीचे सुमारे 60 हेक्टर मळे आहेत. 1859 पासून दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्या मळ्यांच्या वाइनच्या पिंपांचा जाहीर लिलाव होतो आणि पैसा रुग्णालयाला जातो. जुन्या इमारतीत 1971 पर्यंत रुग्ण होते. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातल्या वायनरींनी 1981 मध्ये असाच लिलाव सुरू केला, स्थानिक आरोग्यसेवेसाठी. बोनमध्ये मला मोलाचे वाटते ते हे की मळाच रुग्णालयाचा आहे. दात्याची मर्जी फिरली तरी वेल फळ देतच राहतो.

नाशिकला असा लिलाव जमणार नाही असे मला वाटत नाही. मराठा विद्या प्रसारक समाजासारखी 1914 पासूनची संस्था याच जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या वर्गणीवर वाढली. दानाची सवय इथे नवी नाही. वाइन उत्पादकांनी एकत्र येऊन, राज्य उत्पादन शुल्क विभागाची रीतसर परवानगी घेऊन, फेब्रुवारीच्या हंगामात प्रत्येकी एक पिंप लिलावाला काढावे.

आणि तो पैसा कोणासाठी, तर बागेत राबणाऱ्या टोळ्यांसाठी. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत, आणि पुन्हा एप्रिलच्या खरड छाटणीला, पेठ, सुरगाणा, हरसूलकडची आदिवासी कुटुंबे दिंडोरी-निफाडला येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, बागेच्या कडेला पाल किंवा पत्र्याची खोली मिळते. बरोबर आलेल्या पोरांची शाळा तिकडे डोंगरात राहते. बागायतदाराशी करार आहे, कंपनीचा हिशेब जाहीर आहे, या माणसांचे नाव मात्र कोणत्याच कागदावर नाही. छाटणीच्या महिन्यांत मोहाडी, वणी, पिंपळगाव बसवंत इथे त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि फवारणी करणाऱ्यांची नियमित आरोग्य तपासणी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी सुलाने पुढाकार घ्यावा, कारण या खोऱ्यात वाइनची पहिली कलमे तिनेच लावली आणि बाकीचे वायनरीवाले आजही तिच्याकडे पाहून पाऊल टाकतात.