मे महिन्यातला क्रूस: माझगावचा डोंगर ते खोताची वाडी

गावची जत्रा म्हटलं की आपल्याला मुंबई सोडायचीच आठवण येते. उन्हाळा, सुट्टी, एसटी, डोंगरावरचं देऊळ. आज मी तुम्हाला मुंबईतच असलेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी नेणार आहे. डोंगर माझगावचा, आणि गाव माथारपाखाडी. पाखाडी हा शब्द कोकणातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या या टेकडीवर आज बाग आहे, जोसेफ बाप्टिस्टांच्या नावाची. टिळकांचे जवळचे सहकारी 'काका' बाप्टिस्टा, १९१६ सालच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, नंतर मुंबईचे महापौर. त्यांचा जन्म याच माथारपाखाडीतला, १८६४ चा. हे इथले जुने ख्रिस्ती, ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी असलं तरी माणसं मुंबई, साष्टी, वसईची, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली, घरात मराठीची बोली बोलणारी. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेऊन आपली संस्था काढली. नोकऱ्यांसाठी मुंबईत येणाऱ्या इतर ख्रिश्चनांपासून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला कळावं म्हणून.

या वस्त्यांचा उन्हाळ्यातला सण म्हणजे क्रूसाचा सण. गल्लीच्या तोंडाशी किंवा चौकात दगडी क्रूस असतो. मे महिन्यात तो रंगवतात, फुलांनी, दिव्यांच्या माळांनी सजवतात. संध्याकाळी शेजारीपाजारी खुर्च्या टाकून बसतात, रोझरी होते, मग लिटनी. एकजण संतांची नावं घेत जातो, बाकीचे प्रत्येक नावाला 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणतात. शेवटी उकडलेले चणे वाटतात. गणपतीच्या आरतीनंतर खिरापत वाटावी तसे. धर्मगुरू आले तर उत्तम, नाही आले तरी अडत नाही. मला या सणातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

का, ते सांगतो. ३ मे हा चर्चच्या दिनदर्शिकेत क्रूस सापडल्याचा सण होता. कॉन्स्टंटाइन बादशहाची आई हेलेना, तिला जेरुसलेममध्ये येशूचा क्रूस सापडला अशी परंपरा. १९६० मध्ये रोमने हा सण सर्वसाधारण दिनदर्शिकेतून काढला, क्रूसासाठी १४ सप्टेंबर ठेवला. मुंबईतल्या गल्ल्यांनी मे काही सोडला नाही. आता सप्टेंबरात इथे उघड्यावर खुर्च्या मांडून बघा! शिवाय सुट्टीत पोरं घरी, पाहुणे आलेले. रोमच्या तारखेपेक्षा पावसाची तारीख मोठी, असा माझा तरी अंदाज आहे.

देऊळ हललं तरी सण हलत नाही, हेही माझगावातच दिसतं. १६३२ चं ग्लोरिया चर्च माझगावात होतं. ते १९११ मध्ये पाडलं गेलं, आणि नवं भायखळ्याला १९१३ मध्ये उभं राहिलं. उंच मनोऱ्यांचं, आपण सिनेमांत पाहतो ते. चर्च गेलं, पण गल्लीतला क्रूस गल्लीतच राहिला.

आणि मग प्लेग. सप्टेंबर १८९६, मांडवी. डॉ. अकासियो व्हिएगास यांनी रोग ओळखला; धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे, आपण रोज त्याच्यासमोरून जातो. १८९१ च्या जनगणनेत मुंबई सव्वाआठ लाखांची होती. १८९७ च्या सुरुवातीला जवळपास निम्मं शहर पळालं होतं. सरकारी पथकं घरात शिरून रोगी उचलून नेत. हाफकिनने याच शहरात लस तयार केली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

त्याच १८९९ साली गिरगावात, खोताच्या वाडीत, रहिवाशांनी क्रूस उभारला. प्लेगमधून वाचलो म्हणून. ही वाडी मुळात दादोबा वामन खोतांची. ते पाठारे प्रभू, आणि त्यांनी तुकडे विकले ते ईस्ट इंडियन कुटुंबांना. शेजारच्या चाळीत तेव्हा कोणी मरीआईला नवस बोलत असणार. दोघांचीही भाषा एकच होती, रोग वेशीवर थांबव. युरोपात प्लेगसाठी सेंट रॉकला साकडं घालायचे, तो स्वतः रोग्यांची सेवा करताना आजारी पडला, आणि कुत्र्याने त्याला भाकरी आणून दिली अशी कथा आहे. दत्ताच्या पायाशी कुत्री पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

मग धोका कशाला आहे? खोताच्या वाडीत एकेकाळी साठ-पासष्ट जुनी घरं होती. आता निम्मीही उरली नाहीत. क्रूसाला कोणी हात लावायची गरजच नाही. लिटनीला उत्तर देणारी माणसं वसई-विरारला, मालाडला, कॅनडाला गेली की क्रूस तिथेच असतो आणि 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायला चारच जण असतात. काही कुटुंबं मे महिन्यात मुद्दाम परत येतात. मी एका वर्षी चणे घेताना शेजारच्या आजींना विचारलं, कुठून आलात? म्हणाल्या, "नालासोपाऱ्याहून. पण घर इथलंच." घर कुठलं ते त्यांनी बोटाने दाखवलं. तिथे पंधरा मजली इमारतीचा पाया खणला होता.