यंत्राआधी माणसं

१९६३च्या पावसाळ्यात अमेरिकेहून विमानाने काही खोकी कानपूरला आली. आत आयबीएम १६२० संगणक होता. ज्या आयआयटीसाठी तो आला, ती जेमतेम चार वर्षांची होती. तिचे पहिले वर्ग तर हारकोर्ट बटलर संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत भरले होते.

अशा नव्या संस्थेत महागडं यंत्र काचेआड जपून ठेवलं जाण्याचीच शक्यता जास्त. कानपुरात तसं झालं नाही. याचं बरंचसं श्रेय पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांना द्यायला हवं. धारवाडला जन्मलेले केळकर विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये त्यांनी शिकवलं होतं आणि आयआयटी मुंबईच्या उभारणीतही त्यांचा हात होता. अभियंत्याचा पाया विज्ञान आणि मानव्यविद्यांनी भक्कम व्हावा, असा पाच वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी कानपुरात उभा केला. संगणकाला जागा मिळाली ती या चौकटीत.

आयआयटी कानपूरचा नऊ अमेरिकी विद्यापीठांशी सहकार्याचा करार होता; त्याचा खरा उपयोग इथे झाला. यंत्रासोबत ते शिकवणारेही आले. हॅरी हस्की यांच्यासारखा स्वतः संगणक घडवलेला माणूस त्यांत होता. पण पाहुणे कधीतरी परतणारच. म्हणून व्ही. राजारामन यांच्यासारख्या तरुण भारतीय प्राध्यापकांनी शिकवण्याची धुरा उचलली.

फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे सुमारे दहा दिवसांचे सघन वर्ग सुरू झाले. देशभरातले प्राध्यापक, शास्त्रज्ञ, कारखान्यांतले अभियंते कानपूरला येऊ लागले. आधी व्याख्यान, मग कार्डांवर भोकं पाडायची, गठ्ठा यंत्रात घालायचा, चूक सापडली की कार्ड बदलून पुन्हा रांगेत उभं राहायचं. ज्यांना उद्या इतरांना शिकवायचं होतं, ते इथे आधी स्वतः विद्यार्थी झाले.

संस्थेतही प्रोग्रॅमिंग सर्व शाखांच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं. १९६५मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मध्ये संगणकशास्त्राचा पर्याय आला. वापर इतका वाढला की १९६६मध्ये मोठा आयबीएम ७०४४ आणावा लागला.

१९६९मध्ये राजारामन यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पाठ्यपुस्तक छापून आलं. कानपूरच्या वर्गात जे शिकवलं जात होतं, ते आता दूरदूरच्या महाविद्यालयांतही वाचता येऊ लागलं.

केळकर १९७०मध्ये आयआयटी मुंबईचे संचालक झाले. कानपुरात संगणकशास्त्राची स्वतंत्र बी.टेक. पदवी आली ती १९७८मध्ये. तोवर पूल बांधणारे, बॉयलर चालवणारे, धातू वितळवणारे कितीतरी अभियंते तिथून फोरट्रान शिकून बाहेर पडले होते.