सर, काटा हलला!

दहावीत सरांनी कॉइलमधून चुंबक फिरवून गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलवून दाखवला, तेव्हा मी शेवटच्या बाकावर डुलक्या घेत होतो. तो धडा यंदा शिकलो.

मेळाव्यात वाजवायला जुनी सेमी-हॉलो गिटार काढली, तर आवाज वाढवताच पिकअप शिट्टी मारू लागले. नवे निवडताना इतिहास वाचावा लागला. एका कॉइलच्या पिकअपमध्ये विजेची घूंघूं शिरे. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलट जोडल्या, चुंबकाचे ध्रुवही उलटे ठेवले. घूंघूं खोडली गेली, तारांचा आवाज मात्र टिकला. हाच हमबकर! १९५८ साली ईएस-३३५ आली. पोकळ अंगात मधोमध मेपलचा ठोकळा. फीडबॅक आवरला, पोकळ गिटारीचा गोडवाही बराच राहिला.

मुलगा म्हणाला, "बाबा, दणदणीत पिकअप घ्या." पण जास्त वेढ्यांनी तोच गोडवा दबला असता. म्हणून बेताच्या ताकदीचे, मेणात बुडवलेले हमबकर घेतले. मेणामुळे कॉइलचे वेढे थरथरत नाहीत, शिट्टी थांबते.

सर, मेळाव्यात पहिल्या रांगेत बसा. या वेळी मी जागा असेन.