गव्हाण, किल्ला आणि मुलांचा खेळ

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की धर्मग्रामांतून गव्हाणीची लगबग सुरू होते. हे काम बहुधा मुलांवर सोपवले जाते आणि वडीलमंडळी त्याकडे कौतुकाने, पण थोडे दुरूनच पाहतात. मुलांचा खेळ चालला आहे, अशी त्यांची समजूत असते. ती समजूत चुकीची नाही. मात्र हा खेळ मूळचा मुलांनी मांडलेला नाही. तो एका प्रौढ संताने, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, जाणूनबुजून मांडला, हे आपण विसरतो.

इ. स. १२२३ च्या नाताळात, इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी, असिसीच्या संत फ्रान्सिसने हा खेळ रचला. सुमारे पंधरा दिवस आधी त्याने जॉन नावाच्या तेथील एका सद्गृहस्थास निरोप धाडून गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव यांची व्यवस्था करावयास सांगितले. बेथलेहेमात बाळाचे कसे हाल झाले, ते त्याला डोळ्यांनी पाहावयाचे होते. त्याचा पहिला चरित्रकार सेलानोचा थॉमस याने या रात्रीचे जे वर्णन केले आहे, त्यात पवित्र मरियेची वा योसेफाची मूर्ती नाही, बाळही नाही. गव्हाण रिकामी आहे. जमलेल्यांपैकी एका माणसास मात्र तिच्यात निजलेले बालक दिसले, असे थॉमस नोंदवतो. फ्रान्सिस हा उपयाजक होता, म्हणून शुभवर्तमान त्यानेच गायिले. आणि प्रवचनात ‘बेथलेहेम’ हा शब्द उच्चारताना तो मेंढरासारखा स्वर काढी. एखाद्या पोक्त धर्मगुरूने आज वेदीजवळ असे केले, तर धर्मग्रामसमितीच्या पुढील सभेत त्याची चर्चा झाल्यावाचून राहणार नाही!

लूकच्या शुभवर्तमानात बैल व गाढव यांचा उल्लेख नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. यशयाच्या पहिल्या अध्यायातून ती जनावरे भाविकांच्या कल्पनेत आली आणि गोठ्यात स्थिरावली. मुले ‘समजा, येथे नदी आहे’ असे म्हणून खेळास आरंभ करतात. ख्रिस्तसभेने त्याच रीतीने गोठा भरला. भातुकलीतली मुलगी रिकाम्या वाटीतून भात वाढते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. ग्रेच्चोची रिकामी गव्हाण ही त्याच जातीची होती.

आपल्या किनाऱ्यावरही श्रद्धेचे पहिले संस्कार मुलांच्या वाटेनेच झाले. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरला आणि हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना साद घालीत हिंडला. प्रार्थना तो त्यांच्याकडून गाऊन घेई. त्यानंतर १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स आले. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती जनांना ऐकावयास काही हवे होते. ती उणीव ओळखून त्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूरच्या मठात छापले गेले. ओवी म्हटली की जाते आले, पाळणा आला, आईचा कंठ आला. ख्रिस्तजन्माची कथा मराठी घरात शिरली ती या दाराने. त्यांची कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पोथी त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली, प्रसिद्ध झाली. या दोहोंत आम्हास ओवीचे मोल अधिक वाटते. प्रश्नोत्तरे पाठ होतात आणि मोठेपणी विसरतात. कानात बसलेली लय जन्मभर जात नाही.

आता आपल्या डोंगराकडे वळू. महाड तालुक्यात रायगड आहे. १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला तो येथे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे आणि पोलादपुराहून आंबेनळी घाट चढू लागले की प्रतापगड गाठता येतो. अशा मुलुखातील मुलांनी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचावा, यात नवल ते काय? दगडविटांवर चिखल थापावा, वर मोहरी वा अळीव पेरून हिरवळ उगवावी, पायथ्याशी मावळे मांडावेत आणि सर्वांत उंच जागी महाराजांना बसवावे. इतिहासाचे पाठ्यपुस्तक हाती येण्यापूर्वीच तो इतिहास मुलाच्या बोटांत उतरलेला असतो. नाताळची गव्हाण ही त्या किल्ल्याची धाकटी बहीण शोभावी. माती तीच, भाताचा पेंढा नुकताच खळ्यावरून आलेला, आणि हिरव्या कुरणासाठी थाळीत नाचणी पेरण्याची तऱ्हाही तीच. फरक एवढाच की किल्ल्यात राजा शिखरावर असतो आणि गव्हाणीत तो सर्वांच्या खाली, गवतावर असतो. हा फरक मुलांना शब्दांनी समजवावा लागत नाही; मांडताना त्यांच्या हातांनाच तो कळतो. म्हणूनच बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा तयार गोठा आम्हास रुचत नाही. त्यात मुलांना करण्यासारखे काही उरतच नाही.

मातीचे दुसरे रूपही या मुलांनी पाहिले आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचा पूर महाडच्या घराघरांत गाळ भरून गेला आणि तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. तरीही त्या वर्षीच्या दिवाळीत मुलांनी माती हाती घ्यावी आणि थोरांनी ती घेऊ द्यावी, याला आम्ही श्रद्धाच म्हणू.

महाडात २५ डिसेंबर या दिवसाला आणखी एक अर्थ आहे. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी महाडला पुन्हा परिषद भरली आणि रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या मंडपाला गावात कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. उतारशाळेत जागा नसल्याची कथा दरवर्षी वाचणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रसंग परका वाटू नये.

मराठीत ‘शिवाशिवी’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक शिवाशिवी म्हणजे विटाळाची, जिच्यापायी तळ्याचे पाणी माणसांना वर्ज्य झाले. दुसरी मुलांच्या खेळातली, जिच्यात धावत जाऊन दुसऱ्याला शिवल्याखेरीज खेळच होत नाही. मोठ्यांनी ज्याला पाप ठरवले, तोच मुलांच्या खेळाचा नियम! गव्हाणीतील देव बालक आहे. मेंढपाळांना त्याला हात लावता येतो, उचलून घेता येते. म्हणून ज्या अंगणात गव्हाण मांडली जाते, तेथे कोणाची मुले येतात आणि कोणाची कुंपणाबाहेर उभी राहतात, हे आधी पाहिले पाहिजे. बक्षिसासाठी गव्हाणी तपासणारे परीक्षक रोषणाई पाहतात. त्यांनी कधी मुले मोजावीत.

आणि मुले मोजू लागलो की या भागात एक गोष्ट ध्यानात येते. कातकरी वाड्यांवरची पुष्कळ मुले नाताळात वाडीवर नसतात. भाताची कापणी आटोपली, दिवाळी सरली की ठेकेदाराची उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. मुलांना मागे ठेवणार कोणाजवळ? शाळा सुटते, पाटी राहते आणि कच्च्या विटा रचून केलेल्या भोंग्यात संसार मांडला जातो. शिरगणतीच्या हुकमामुळे नाझरेथहून निघालेल्या एका गरोदर बाईची वाट याहून फार वेगळी नसावी. आम्ही जेव्हा धर्मग्रामात ख्रिस्तजन्माचा देखावा उभा करतो, तेव्हा ती वाट प्रत्यक्ष चालणारी मुले आमच्या शेजारून निघून गेलेली असतात.

१८४३ साली फ्रान्समधील नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी पवित्र बाल्य संस्था स्थापन केली, तेव्हा मुलांनी मुलांस साहाय्य करावे, एवढीच त्यांची कल्पना होती. त्या कल्पनेला आमच्या तालुक्यांत एक साधे काम आहे. एखाद्या दुपारी धर्मग्रामातील मुलांनी गव्हाणीचे साहित्य घेऊन भट्टीवर जावे. पेंढा सोबत न्यावा; माती न्यावी लागणार नाही. भट्टीवरची मुले ती मळण्यात आपल्या मुलांहून तरबेज असतात. बैल कसा घडवावा, हे तीच शिकवतील. जाण्याआधी मात्र भट्टीमालकाची परवानगी घ्यावी आणि काम उरकल्यावर, सूर्य कलताना जावे, कारण दिवसा त्यांतील थोरली मुले विटा उलटण्यात गुंतलेली असतात.