पोकळ आणि भरीव : अर्धपोकळ गिटारची जन्मकथा

गिटार हे वाद्य आपल्या कुटुंबांना परके नाही. वसईपासून गोव्यापर्यंत, ज्यात गिटार नाही असा गायकवृंद क्वचितच आढळेल. विजेवर वाजणाऱ्या गिटारविषयी मात्र आपल्या घरांतून दोनच मते असतात. तरुणांना ती हवीच असते आणि वडीलधाऱ्यांना तो निव्वळ गोंगाट वाटतो. खरेदीचा प्रसंग आला, की दोन्ही पक्ष दुकानदाराच्या स्वाधीन होतात. मुलाला रविवारी भक्तिगीतांना साथ करावयाची असते, लग्नाच्या मेजवानीत नृत्यसंगीत वाजवावयाचे असते आणि घरी एकांतात जॅझ किंवा ब्लूजचे सूर शोधावयाचे असतात. वडिलांच्या खिशात पैसे असतात ते एकाच गिटारचे! या सर्व शैलींना पुरून उरेल अशी एखादी गिटार आहे काय? या प्रश्नाचे एक उत्तर १९५८ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कॅलामझू या गावी तयार झाले. गंमत अशी, की ज्यांनी ते तयार केले त्यांच्यापुढील प्रश्न वेगळाच होता.

तो प्रश्न समजून घ्यावयाचा, तर थोडे मागे जावे लागेल. कोणतीही तार एकटी फारशी वाजत नाही. ती बारीक असल्यामुळे हवा हलवण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. म्हणून सतारीला आणि तंबोऱ्याला भोपळा असतो, व्हायोलिनला पोकळ पेटी असते. तारेची थरथर घोडीवाटे त्या पातळ लाकडात उतरते, लाकूड आतील हवा हलवते आणि मग कुठे आपल्या कानांवर नाद येतो. गिटारही याच कुळातली. परंतु १९२० नंतरच्या अमेरिकन नृत्यवृंदांत ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ढोल यांच्या गदारोळात ती बिचारी बुडून जाई. ऑरव्हिल गिब्सन या कारागिराच्या नावाने १९०२ साली कॅलामझू येथे स्थापन झालेल्या कंपनीने व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून घुमटदार पृष्ठभागाची वाद्ये बनविली. १९२२ साली आलेल्या तिच्या 'एल-५' या गिटारला मधल्या गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी, इंग्रजी 'एफ' अक्षराच्या वळणाची दोन छिद्रे होती. तिचा आवाज अधिक दूर पोहोचू लागला, पण पुरेसा नव्हे.

पुढचा उपाय विजेचा. १९३१-३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी अ‍ॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची एक गिटार तयार केली. गोल धड आणि लांब मान यांमुळे लोकांनी तिला 'तळणीचा तवा' असे नाव दिले. तिच्या तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे होते. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली, की वेटोळ्यात त्याच लयीचा क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो. या साधनालाच 'पिकअप' म्हणतात. १९३६ साली गिब्सनने आपल्या पोकळ गिटारवर पिकअप बसवून 'ईएस-१५०' बाजारात आणली. 'ईएस' म्हणजे 'इलेक्ट्रिक स्पॅनिश', अर्थात मांडीवर आडवी न ठेवता नेहमीप्रमाणे धरून वाजवावयाची विजेची गिटार. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन (हे त्याचे आडनावच!) हा कृष्णवर्णीय तरुण ही गिटार घेऊन बेनी गुडमनच्या वृंदात दाखल झाला आणि आजवर मागे बसून ठेका धरणारे हे वाद्य सॅक्सोफोनच्या बरोबरीने आलाप घेऊ लागले. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. त्याच्या आधीची गिटार आणि त्याच्या नंतरची गिटार ही दोन वेगळी वाद्ये मानावीत, असे माझे मत आहे.

आता अडचण सुरू झाली ती आवाज वाढल्यामुळेच. आपल्या सभागृहांत मायक्रोफोन लाउडस्पीकरसमोर आला, की कर्कश शीळ उठते. हाच तो 'फीडबॅक'. पोकळ गिटारचे तसेच होते. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला ध्वनी गिटारच्या पातळ पृष्ठभागावर आदळतो, तो थरथरतो, त्याबरोबर तारा थरथरतात, पिकअप ती थरथर पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो आणि हे चक्र थांबतच नाही. म्हणजे ज्या पोकळपणामुळे वाद्याला गोडवा येतो, तोच पोकळपणा मोठ्या आवाजात त्याचा शत्रू ठरतो. शिवाय पोकळ पेटी तारेची शक्ती झटपट हवेत उधळून टाकते. त्यामुळे सूर उमटतो भरदार, पण विझतो लवकर.

यावर लेस पॉल या वादकाने काढलेला तोडगा मोठा विलक्षण होता. १९४०-४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुट्टीच्या रविवारी, त्याने चार इंच रुंद व चार इंच जाड असा पाइनचा ओंडका घेतला. त्यावर तारा, घोडी आणि पिकअप चढवले. ओंडका थरथरण्याचे नाव घेत नसल्यामुळे शीळ बंद झाली आणि सूर लांबला. परंतु हे ध्यान घेऊन तो वाजवावयास बसला, तेव्हा श्रोत्यांना ते पसंत पडेना. मग त्याने एक पोकळ गिटार मधोमध कापून तिचे दोन्ही भाग ओंडक्याच्या दोन बाजूंना पंखांसारखे जोडले. सूर तोच राहिला, पण आता लोकांना ती गिटार वाटू लागली आणि टाळ्या पडल्या, असे तो स्वतः सांगत असे. माणूस कानांइतकेच डोळ्यांनीही संगीत ऐकतो! गिब्सनच्या अधिकाऱ्यांनी मात्र त्याला झाडूच्या दांड्याची उपमा देऊन वाटेला लावले.

त्यांना जाग आली ती लिओ फेंडरमुळे. कॅलिफोर्नियातील या रेडिओदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाने १९५० साली सरळ फळीतून कापलेली भरीव गिटार विकावयास काढली. पुढे तिला 'टेलिकास्टर' हे नाव मिळाले. गिब्सनने घाईघाईने १९५२ मध्ये लेस पॉलच्याच नावाने आपली भरीव गिटार आणली. आता बाजारात दोन टोके झाली. एका बाजूला पोकळ गिटार, तिच्यात ऊब आणि खोली, पण मोठ्या आवाजाची भीती. दुसऱ्या बाजूला भरीव गिटार, तिच्यात निर्भयता आणि लांबलचक सूर, पण जुन्या जॅझ वादकांना तिच्यात लाकडाचा श्वास ऐकू येईना.

गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी १९५० पासून कंपनी सांभाळत होते. ते स्वतः वादक नव्हते. या तंट्यात मध्यम मार्ग काढावा, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९५८ मध्ये 'ईएस-३३५' जन्माला आली. बाहेरून ती सोळा इंच रुंदीची, 'एफ' छिद्रांची घरंदाज पोकळ गिटार दिसते. जाडी मात्र सुमारे पावणेदोन इंच, म्हणजे जुन्या पोकळ गिटारच्या जवळजवळ निम्मी. खरी गोष्ट आहे ती आत. मानेपासून शेपटापर्यंत मेपल लाकडाचा एक सलग ठोकळा धडाच्या मधोमध बसवलेला आहे. वरचा व खालचा पृष्ठभाग घुमटदार असल्यामुळे ठोकळा आणि पृष्ठभाग यांमध्ये राहणारी फट स्प्रूसच्या पट्ट्यांनी बुजवलेली आहे. घोडी आणि पिकअप या भरीव कण्यावर बसतात आणि दोन बाजूंचे पंख पोकळ राहतात. पृष्ठभाग अखंड कोरीव लाकडाचा नसून मेपल आणि पॉप्लर यांचे थर चिकटवून दाबलेला आहे. तो कमी थरथरतो आणि अशा जागी ते उपकारकच ठरते. लेस पॉलचा ओंडका आणि ही गिटार शेजारी ठेवून पाहावी, म्हणजे नाते लपत नाही.

दुसरा अर्धा पराक्रम पिकअपचा. वेटोळे तारेची थरथर टिपते, तशीच घरातील विजेची गुणगुणही टिपते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. गिब्सनचे तंत्रज्ञ सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी बसविली. त्यांचे चुंबकीय ध्रुव उलट ठेवले आणि जोडणीही उलट केली. परिणामी बाहेरची गुणगुण परस्परांत विरून जाते आणि तारेचा संदेश मात्र एकत्र होऊन बळकट होतो. यालाच 'हमबकर' म्हणतात. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, ते १९५९ मध्ये मिळाले. ३३५ वर असे दोन पिकअप असतात. मानेजवळचा पिकअप निवडून टोनची कळ कमी केली, की जॅझचा घोगरा, मृदू नाद येतो. घोडीजवळचा निवडला, की ब्लूज आणि रॉकची धार येते. दोन्ही एकत्र ठेवले, की गाण्यामागे वाजवावयास योग्य असा मोकळा सूर मिळतो. एका गिटारवर अनेक शैली वाजवता येतात, त्या या कण्याच्या आणि पिकअपच्या संयोगामुळे.

त्याच वर्षी गिब्सनने 'फ्लाइंग व्ही' आणि 'एक्स्प्लोरर' अशा दोन भविष्यवेधी, टोकदार गिटारी काढल्या होत्या. त्या फारच थोड्या खपल्या आणि लवकरच बंद पडल्या. लेस पॉलच्या नावाची मूळ गिटारही १९६१ ते १९६८ या काळात बाजारात नव्हती. साधी, गोलसर ३३५ मात्र टिकून राहिली.

ती कोणी उचलली, हे पाहण्यासारखे आहे. कट्टर जॅझ वादकांपैकी पुष्कळांनी आपल्या जुन्या पोकळ गिटारी सोडल्या नाहीत. तिला आपलेसे केले ते ब्लूजवाल्यांनी. बी. बी. किंग यांची कथा प्रसिद्ध आहे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सॉ राज्यातील ट्विस्ट या गावी एका नृत्यगृहात ते वाजवीत होते. उबेसाठी पिंपात रॉकेल पेटवलेले होते. दोघा पुरुषांच्या मारामारीत पिंप उलटले आणि आग लागली. बाहेर पडलेले किंग आपल्या गिटारसाठी पुन्हा आत धावले आणि थोडक्यात बचावले. भांडण ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून होते, असे कळल्यावर त्यांनी गिटारचेच नाव ल्युसिल ठेवले. असा वेडेपणा आपण पुन्हा करू नये, याची ती आठवण होती. त्या रात्रीची गिटार अर्थातच ३३५ नव्हती. पण पुढे ज्या ल्युसिल जगभर गाजल्या, त्या ३३५ आणि तिची अधिक नटवी बहीण ३५५ या कुटुंबातल्या. मोठ्या सभागृहांत शीळ उठू नये, म्हणून किंग 'एफ' छिद्रांत कापड कोंबत. अखेर १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्यासाठी छिद्रेच नसलेली 'ल्युसिल' बनविली. २०१५ मध्ये ते निवर्तले.

रॉकच्या क्षेत्रात एरिक क्लॅप्टन यांनी १९६४ सालची लाल ३३५ वापरली. २००४ मध्ये व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी झालेल्या लिलावात तिला ८,४७,५०० डॉलर मिळाले. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात अ‍ॅल्विन ली यांनी याच जातीच्या गिटारवर अतिवेगवान वादन केले. मला मात्र या सर्वांपेक्षा लॅरी कार्लटन यांचे उदाहरण अधिक बोलके वाटते. १९७० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांत ते भाडोत्री वादक होते. सकाळी एका गायकाची साथ, दुपारी चित्रपटसंगीत, रात्री जॅझ. पुढ्यात येईल ते वाजवायचे आणि चूक झाल्यास दुसऱ्या दिवशी बोलावणे नाही! अशा माणसाने १९६९ सालची एक ३३५ हाताशी धरली आणि 'मिस्टर ३३५' हे नाव कमावले. अनेक शैलींसाठी एक गिटार, ही कसोटी याहून कठोर कोणती असणार?

'एफ' छिद्रे दिसली म्हणजे गिटार अर्धपोकळ, हा समज मात्र घातक आहे. १९५९ ची 'ईएस-३३०' दिसावयास ३३५ ची जुळी बहीण, पण आतून पूर्ण पोकळ. गिब्सनने १९५७ मध्ये विकत घेतलेल्या एपिफोनची 'कसिनो'ही तशीच. पॉल मॅकार्टनी यांनी १९६४ मध्ये आणि जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी १९६६ मध्ये ती घेतली. जानेवारी १९६९ मध्ये लंडनच्या गच्चीवरील बीटल्सच्या अखेरच्या जाहीर वादनात लेनन यांच्या हाती तीच होती. वाद्य उत्तम, पण मोठ्या आवाजात शीळ घालणारे. याउलट जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या रॉजर रॉसमाइझल या कारागिराने भरीव लाकूड आतून पोखरून दुसऱ्या प्रकारची अर्धपोकळ गिटार घडविली. १९५८ च्या सुमाराची रिकेनबॅकर ३३० आणि १९६८ ची फेंडरची 'टेलिकास्टर थिनलाइन' या दोन्ही त्याच्याच. रिकेनबॅकरचा सूर किणकिणता, थिनलाइनचा स्वभाव मुख्यतः टेलिकास्टरचाच. त्या गुणी आहेत, परंतु ३३५ इतक्या निरनिराळ्या दिशांना त्या जात नाहीत.

कॅलामझूचा गिब्सन कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. स्थलांतर नाकारणाऱ्या काही कामगारांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत 'हेरिटेज' ही कंपनी काढली आणि त्याच घडणीची गिटार तेथे बनू लागली. अस्सल गिब्सन आपल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. एपिफोन, आयबानेझ, यामाहा या नावांनी अर्धपोकळ गिटारी मिळतात किंवा जुन्या बाजारात सापडतात, आणि आयबानेझच्या अर्धपोकळ गिटारवर जॉन स्कोफिल्डसारख्या जॅझ वादकाने आपली कीर्ती उभारली आहे. तेव्हा नावापेक्षा आत पाहावे. छिद्रात विजेरीचा झोत टाकला, की मधला ठोकळा दिसतो. तो शेपटापर्यंत सलग आहे की घोडीखाली नुसता तुकडा, हे विचारून घ्यावे. काही गिटारींत वजन कमी करण्यासाठी ठोकळा आखूड करतात किंवा पोखरतात. त्यामुळे गिटार खांद्याला हलकी होते, पण थोडी पोकळ गिटारच्या स्वभावाकडे झुकते. वादक लहान असेल, तर सोळा इंचांचे धड त्याला बसून धरता येते का, हेही पाहावे. नंतर अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभे राहून आवाज चढवावा आणि तारांवरचा हात काढावा. शीळ केव्हा उठते, ते तेथेच कळते.

अति विकृत, घणाघाती आवाजाचे हेवी मेटल ज्याला वाजवावयाचे आहे, त्याने भरीव गिटारच घ्यावी. आणि मुलाचे मुख्य काम गायकवृंदाला साथ करणे हेच असेल, तर ही गिटार घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. वीज गेली, की तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नाही.