तळाशी बसणारे रक्त

माझी थोरली आत्या १९६४ मध्ये आठव्या महिन्यात झटके येऊन गेली. घरात ‘बाहेरची बाधा’ एवढेच म्हणत. पाय सुजले होते, डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, हे आजी सांगायची. रक्तदाब कोणी मोजला नव्हता. मी डॉक्टर नाही. या आजाराचा इतिहास वाचू लागलो तो या एका मृत्यूमुळे.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील जॉन लीव्हर यांना १८४३ मध्ये झटके येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत अल्ब्युमिन सापडले. मग रक्तात काही विष असावे, असे धरून आजाराला ‘टॉक्सिमिया’ म्हणू लागले. विष कोणालाच सापडले नाही, नाव मात्र कित्येक दशके टिकले.

मला जास्त रमवले ते स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांनी. १९१८ च्या सुमारास ते रक्तावरून गरोदरपण ओळखता येईल का, हे पाहत होते. नळीत उभे ठेवलेले गर्भवतीचे रक्त भराभर खाली बसत होते. गरोदरपणात फायब्रिनोजेन वाढते आणि तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, म्हणून. पण जंतुसंसर्गातही तसेच होते, तेव्हा गरोदरपणाची चाचणी म्हणून ते फसले. (पोलंडच्या बिएर्नाकींनी ही गोष्ट १८९७ मध्येच मांडली होती, त्यांचे नाव कोण घेतो?) पुढे वेस्टरग्रेन यांनी ती क्षयरोग्यांसाठी वापरली. लॅबच्या कागदावरचा ‘ईएसआर’ तो हाच.

त्या फसण्यातच पुढची सगळी अडचण होती, असे माझे मत. निरोगी गरोदरपणातही शरीरात सौम्य दाह असतोच. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर रेडमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडले, की प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे हाच दाह हाताबाहेर जाणे. म्हणजे फरक प्रमाणाचा. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेले सीआरपी असो किंवा साध्या सीबीसीतून निघणारे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, आजारी स्त्रियांत ते सरासरीने जास्त भरते, पण निरोगी स्त्रियांचे आकडेही त्यांत मिसळलेले असतात. एकट्या आकड्यावर निदान करता येत नाही.

निदानाची सुरुवात अजूनही दंडावरच्या पट्ट्यापासून होते. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर आणला. रिवा-रोच्चींचे पट्ट्याचे यंत्र १८९६ चे. आत्या गेली तेव्हा ते ६८ वर्षांचे होते.