माणूस गेला, दावा कोणाचा?

डॉक्टरच्या हयगयीनं माणूस दगावला, तर भरपाई मागायला कोर्टात कोणी उभं राहायचं? जुन्या इंग्रजी कायद्याचं उत्तर होतं : कोणीच नाही! माणसाबरोबर त्याचा दावाही मेला. हा नियम विलायतेत 1846 साली आणि आपल्याकडं 1855 साली बदलला. नवरा-बायको, आईबाप, आजा-आजी, मुलं-नातवंडं यांना हक्क मिळाला. भाऊबहीण मात्र बाहेरच राहिली. एका चुलीवर जेवणाऱ्या भावांचं घर साहेबाला कुठून दिसणार?

याच कायद्याचा एक खटला आपल्या शेजारचाच आहे. अहिल्यानगरहून रेल्वेनं पुण्याकडं जाताना दौंड लागतं. तिथल्या एका डॉक्टरांच्या विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड 6 मे 1953 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकाठी मोडलं. बाजेवर घालून घरी नेला, मग टॅक्सीनं दोनशे मैल पुण्याला. तिथं नीट भूल न देता पाय जोरानं ओढला, असं पुढं कोर्टानं ठरवलं. 9 मेच्या रात्री पोरगा गेला. आईबापांना 3000 रुपये मंजूर झाले. सुप्रीम कोर्टानं 1968 साली तो निकाल कायम केला. त्यांच्या जागी नुसता थोरला भाऊ असता, तर पुरावा तोच असूनही या कायद्याखाली त्याला काही मिळालं नसतं.

ग्राहक कायदा आता मृताच्या कायदेशीर वारसाला तक्रार करू देतो. पण सगळ्यांना फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय त्यात येत नाही. तिथं 1855 ची यादीच पाहावी लागते, आणि दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं.